रोजची भाकर आणि पंक्तिभेद : मराठी ख्रिस्ती लेखनातलं आत्मिक पोषण



आजचा विषय आहे 'ख्रिस्ती श्रद्धा आणि आत्मिक जीवनाचं पोषण'. विषय मोठा आहे आणि खरं सांगायचं तर थोडा निसरडाही आहे. 'आत्मिक पोषण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र येतं. सकाळी उठल्यावर एक वचन, रात्री निजताना एक प्रार्थना, मध्येच मोबाइलवर कुणाचं तरी छानसं प्रवचन. यात वाईट काही नाही. पण आम्ही इथे प्रवचन करायला बसलेलो नाही. आम्ही पुस्तकं वाचणारी आणि त्यांच्याविषयी बोलणारी माणसं. त्यामुळे आम्ही प्रश्न आमच्या पद्धतीने विचारणार आहोत. मराठीत ज्यांनी ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलं, त्यांना ही श्रद्धा नेमकी कशी पोसत होती? आणि त्याची खूण त्यांच्या लेखनात कुठे सापडते?

आमचं उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला ते तपासत जाता येईल. या लेखनात श्रद्धेचं पोषण देवघरात किंवा एकांताच्या खोलीत जितकं दिसतं, त्याहून जास्त स्वयंपाकघरात, पाण्याच्या घड्यापाशी आणि जेवणाच्या पंक्तीत दिसतं. आणि आपल्या समीक्षेला ते फारसं दिसलेलं नाही, कारण आपण ही पुस्तकं उघडतो ती 'धर्मांतर का केलं?' हा एकच प्रश्न घेऊन. कुणी कौतुकाने विचारतं, कुणी रागाने; प्रश्न तोच. बाप्तिस्म्याच्या दिवसाचं पान सापडलं की पुस्तक वाचून झालं असं आपण समजतो. पण बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवावीच लागते. आज आम्हाला त्या दुसऱ्या दिवसाविषयी बोलायचं आहे.

आधी थोडं शुभवर्तमानाकडे जाऊ, कारण मापदंड तिथूनच घ्यायला हवा. येशूवर त्याच्या विरोधकांनी जे आरोप ठेवले, त्यात एक आरोप पुन्हा पुन्हा येतो : हा जकातदारांबरोबर आणि पापी लोकांबरोबर जेवतो. काय शिकवतो याची तक्रार होतीच, पण कुणाच्या पंक्तीला बसतो ही तक्रार तितकीच मोठी. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत माणूस स्वतःसाठी जे मागतो, त्यात पहिली मागणी आजच्या दिवसाच्या भाकरीची आहे. मराठी अनुवादकांनी तिथे 'भाकर' हा शब्द ठेवला हे फार चांगलं केलं. 'अन्न' म्हटलं असतं तर मागणी जरा दूरची झाली असती. 'भाकर' म्हटलं की तवा दिसतो, पीठ मळणारा हात दिसतो, आणि डब्यात पीठ आहे की नाही हा प्रश्नही दिसतो. शिवाय त्या प्रार्थनेत 'मला' नाही, 'आम्हाला' आहे. एकट्यासाठी भाकर मागण्याची तिथे सोयच ठेवलेली नाही.

येशूनंतरच्या पहिल्या मंडळ्यांत भांडणं झाली, तीही बरीचशी जेवणावरून. प्रेषितांच्या कृत्यांत तक्रार येते की रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होतं. अंत्युखियात पेत्र आधी यहुदी नसलेल्यांबरोबर जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आल्यावर तो हळूच बाजूला झाला. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं, आणि ते गलतीकरांच्या पत्रात लिहूनही ठेवलं. करिंथमध्ये तर प्रभुभोजनातच घोळ होता : खाऊनपिऊन सुखी असलेले आधी येऊन जेवून घेत, आणि कष्टकरी उशिरा आले की उपाशी राहत. पौल त्यांना सांगतो की याला प्रभूचं भोजन म्हणताच येत नाही. आपल्या मराठीत याला एक नेमका शब्द आहे. पंक्तिभेद. ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या पौलाला जे समजावून सांगायला बराच मजकूर लागला, ते आपल्याकडची कुठलीही आजी एका शब्दात सांगेल.

तर मापदंड असा : पंक्तिभेद असेल तिथे पोषण नाही. आता या मापाने आपली पुस्तकं वाचून पाहू. आमच्या आवडीच्या पुस्तकांनाही आम्ही सूट देणार नाही.

सुरुवात गोव्यापासून. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि आयुष्याची चाळीस वर्षं इथेच राहिला. त्याचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली साष्टीतल्या रायतूर इथे छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, कोकणीची छटा असलेली मराठी, आणि छपाई मात्र रोमी लिपीत. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीत ख्रिस्ताची कथा. स्वर्गाला तो 'वैकुंठ' म्हणतो. या ग्रंथातल्या मराठीच्या स्तुतीचं कौतुक आपण शाळेपासून ऐकलंय. पण आम्हाला आज त्याच्या सुरुवातीच्या एका प्रसंगाकडे लक्ष वेधायचं आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्रीला विचारतो, की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग आता त्यांच्या जागी आम्हाला वाचायला-ऐकायला तसंच काही का देत नाही?

हा प्रश्न म्हणजे भूक आहे. आणि ही भूक आपोआप लागलेली नाही. साष्टीतली देवळं १५६७ साली पाडली गेली होती. देशी भाषेतल्या पोथ्यांवर बंदी होती. म्हणजे ज्या सत्तेने समोरचं ताट ओढून घेतलं, तिच्याच पंखाखालच्या एका पाद्रीने नवं ताट वाढलं. 'क्रिस्तपुराणा'च्या रसाळपणाविषयी बोलताना हे सोडून देणं आम्हाला अप्रामाणिकपणाचं वाटतं. आणि फक्त एवढंच बोलून थांबणं, तेही अपुरं वाटतं. कारण स्टीफन्सने लोकांचा तो प्रश्न लपवला नाही. स्वतःच्या ग्रंथाच्या दारातच त्याने तो उभा केला. तक्रार ऐकून घेणारा, ती नोंदवणारा आणि तिच्या चवीचं अन्न शिजवायला बसणारा हा माणूस होता. त्याने युरोपातलं पुस्तक भाषांतर करून दिलं नाही. ऐकणाऱ्यांच्या कानाला जी लय ठाऊक होती, त्या लयीत कथा सांगितली. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषाच हटवण्याचा हुकूम काढला. तरी 'क्रिस्तपुराण' टिकलं. पहिल्या छपाईची एकही प्रत आज हाताशी नाही, पण हस्तलिखितं उरली, आणि त्यांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं. कुणीतरी हाताने उतरवून घेत होतं, कुणीतरी जपून ठेवत होतं, म्हणून ते उरलं. पोटात गेलेलं अन्न सरकारी हुकुमाने बाहेर काढता येत नाही, बघा.

आता एकदम अडीचशे-पावणेतीनशे वर्षं पुढे येऊ, पण धागा पुराणाचाच आहे. पंडिता रमाबाई, जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब तीर्थाटन करत पुराणं सांगायचं आणि त्यावर गुजराण करायचं. म्हणजे या घरात पुराण आणि भाकर यांचं नातं अगदी उघड होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली, उपासमारीने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उरले. रमाबाईंच्या श्रद्धेविषयी बोलणाऱ्याने ही गोष्ट क्षणभरही विसरू नये. त्यांच्या लेखी भूक ही काही आत्म्याची उपमा नव्हती. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि पोटाने सोसली होती.

१८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या भगिनींबरोबर त्यांचे मतभेद झाले. ख्रिस्ती सिद्धांतांवरून झाले, अधिकाराच्या प्रश्नावरून झाले, आणि ऐकून गंमत वाटेल, जेवणावरूनही झाले. रमाबाई शाकाहारी राहिल्या. अंडं घातलेला पदार्थ त्या खात नसत. तिथल्या लोकांना यात जातीचा जुना अभिमान दिसला. आम्हाला इथे गंमत अशी वाटते, की दोन्ही बाजू ताटाकडे बघून आत्म्याची परीक्षा करत होत्या. एक बाई म्हणते, मी ख्रिस्ताला मानलं, पण तुमचं स्वयंपाकघर म्हणजे ख्रिस्त नव्हे. दुसरी बाजू म्हणते, तुझं मन अजून पूर्ण बदललेलं नाही. हा वाद आजही संपलाय असं आम्हाला वाटत नाही. कुणी कुठलं कुंकू, कुठला मासा, कुठला सण सोडला यावरून दुसऱ्याची श्रद्धा मोजणारी माणसं सगळ्या धर्मांत भेटतात.

भारतात परतल्यावर रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू केलं, ते पुढे पुण्याला आलं. तिथे हिंदू विधवांना आपापले जातीचे नियम पाळून वेगळा स्वयंपाक करण्याची मोकळीक होती. म्हणजे रमाबाईंनी पंक्तिभेद चालू दिला का? आमच्या मापाने बघितलं तर वरवर तसं दिसतं. पण इथे जरा थांबून विचार करायला हवा. ज्या मुलींचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी ठरवलं, त्यांच्यावर 'आमच्याबरोबरच जेवा' ही सक्ती करणं म्हणजे आणखी एक हुकूम झाला असता. पंक्तीला बसवून घेणं वेगळं आणि पंक्तीला बसायला मोकळं सोडणं वेगळं. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं. त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेच्या वेळी मुली येऊन बसू लागल्या तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं नाही, आणि त्यावरूनच १८९३ साली मोठा गदारोळ झाला. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले.

याच काळाविषयी रमाबाईंनी पुढे १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीच्या पुस्तकात एक फार धीराची गोष्ट कबूल केली आहे. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडलेला नाही. विचार करा. ज्या बाईने या धर्मासाठी घरचं, समाजाचं, देशाचं सगळं बोलणं सहन केलं, ती म्हणते की आठ वर्षं मी उपाशीच होते. धर्मांतराचा दाखला शोधणाऱ्या वाचकाला हे वाक्य गैरसोयीचं आहे. विरोधकाला वाटतं, बघा, फसली. समर्थकाला वाटतं, हे सांगायची काय गरज होती? आम्हाला मात्र आत्मिक पोषणाविषयी मराठी माणसाने केलेलं हे सगळ्यांत खरं विधान वाटतं. ताट समोर आलं म्हणजे पोट भरलं असं होत नाही.

मग दुष्काळ पडला, १८९६-९७ चा. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून मुली, बायका घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती सदन त्यातून उभं राहिलं. इथे एक अवघड प्रश्न येतो आणि आम्ही तो टाळणार नाही. त्या मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, तेव्हा ही श्रद्धा की भाकरीची किंमत? 'पोटासाठी धर्म बदलला' हा टोमणा महाराष्ट्रात फार ऐकू येतो. आमचं पहिलं म्हणणं असं की हा टोमणा मारणारा माणूस बहुधा जेवून उठलेला असतो. भुकेल्याच्या लेखी भाकर देणारा आणि न देणारा यांच्यातला फरक हाच धर्माचा पहिला धडा असतो. आमचं दुसरं म्हणणं तितकंच महत्त्वाचं आहे : वाढणाऱ्याच्या हातात सत्ता असते. ज्याच्या हातात पळी आहे, त्याने स्वतःला रोज विचारावं की समोरचा 'नको' म्हणू शकतो का. रमाबाईंनी हा प्रश्न किती वेळा स्वतःला विचारला असेल हे आपण ठरवू शकत नाही. पण त्यांच्या कामाचा एक भाग आम्हाला उत्तराच्या दिशेने जाणारा वाटतो. तो म्हणजे त्यांचं बायबलचं भाषांतर.

हिब्रू आणि ग्रीक शिकून, आयुष्याची शेवटची वर्षं खर्चून त्यांनी ते केलं. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. खिळे जुळवणं, छापणं हे काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. भाषेचं धोरण स्टीफन्सच्या अगदी उलटं होतं. पुराणिकाची ही मुलगी, संस्कृतवर हुकमत असलेली, तिने जुन्या धार्मिक अर्थाने भरलेले संस्कृत शब्द शक्यतो दूर ठेवले आणि साध्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीचा आग्रह धरला. साहित्य म्हणून ते भाषांतर काही ठिकाणी कोरडं, खडबडीत वाटतं. हे आम्ही मान्य करतो. पण भाषांतर कुणासाठी आहे हे बघा. स्टीफन्सने ऐकणाऱ्यांसाठी लिहिलं; पोथी वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. रमाबाईंना ऐकणारी बाई वाचणारी व्हायला हवी होती. जिला वाढून घ्यावं लागतं, तिने स्वतः पीठ मळावं, खिळे जुळवावेत, पान छापावं. वाढणाऱ्याची सत्ता कमी करण्याचा याहून चांगला उपाय आम्हाला माहीत नाही.

आता लक्ष्मीबाई टिळकांकडे येतो. 'स्मृतिचित्रे' तुम्ही बहुतेकांनी वाचलंय. आपण ते हसत हसत वाचतो, विक्षिप्त नवऱ्याची आणि हजरजबाबी बायकोची गोष्ट म्हणून. ते तसं आहेच. पण आमची विनंती आहे, एकदा हे पुस्तक फक्त अन्न आणि पाणी यांच्याकडे लक्ष ठेवून वाचा.

सुरुवात होते ती वडिलांच्या सोवळ्याने. घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याशिवाय चालत नाही. सारं घर त्या धुण्याखाली दबलेलं. लहानपणी धर्म म्हणजे काय, तर कशाला शिवायचं नाही याची यादी. पुढे अकराव्या वर्षी लग्न. नारायण वामन टिळक, कवी, मनस्वी, आज इथे उद्या तिथे. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी. मग त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं. एका संसारात दोन पाण्याचे घडे. धर्मांतराविषयी मराठीत जितकं लिहिलं गेलंय, त्यात या दोन घड्यांइतकं खरं चित्र आम्हाला दुसरं सापडलेलं नाही.

आणि मग बदल कसा होतो? कुणी प्रवचन देत नाही. टिळक आग्रह धरत नाहीत, हेही त्यांच्या बाजूने सांगायला हवं. लक्ष्मीबाई आपल्याच मनाशी हिशेब मांडतात : देवाने माणसं केली, जाती माणसांनी केल्या. एवढं पटलं आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. क्रम लक्षात घ्या. आधी पाणी, मग बाप्तिस्म्याचं पाणी. आधी पंक्ती मोडली आणि मग श्रद्धेचं नाव घेतलं. आम्ही म्हणतो की लक्ष्मीबाईंचा खरा धर्मबदल त्या पहिल्या घोटात झाला. चर्चमधल्या विधीने त्यावर शिक्का मारला.

आता टिळकांविषयी. कवी म्हणून त्यांच्याविषयी आम्हाला फार आदर आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. 'अभंगांजली'त त्यांनी अभंगाला ख्रिस्तभक्ती दिली. आजही मराठी मंडळ्यांत 'उपासना संगीत' उघडलं की टिळकांची गीतं गायली जातात, आणि ती गाताना परक्या देशाचं काही गातोय असं वाटत नाही. हे काम स्टीफन्सच्या वाटेवरचं, आणि इथे बंदुकीची सावली नाही. पण मापदंड सगळ्यांना सारखा असं आम्ही म्हटलं होतं. टिळकांची उदारता ही मराठी साहित्यातली एक आवडती गोष्ट. पैसा हातात टिकत नसे, वाटेत भेटलेल्याला घरी आणायचे, कुणालाही 'माझा' म्हणायचे. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले ते याच मायेमुळे. सगळं खरं. पण 'स्मृतिचित्रे' वाचताना कळतं, की टिळक ज्यांना प्रेमाने बोलावत, त्यांचा स्वयंपाक लक्ष्मीबाई करत. कवीच्या आतिथ्याचा भार बायकोच्या पाठीवर. टिळकांच्या अभंगांत देवाच्या प्रेमाचा पूर आहे, पण पीठ संपलंय ही बातमी त्या अभंगांत येत नाही. ती 'स्मृतिचित्रे'त येते, तीही विनोदाच्या वेषात. आम्हाला म्हणूनच वाटतं, की आत्मिक जीवन कसं पोसतं हे जाणून घ्यायचं असेल तर अभंगांच्या शेजारी हे आत्मचरित्र ठेवून वाचावं. एकात गोडवा आहे, दुसऱ्यात मीठ. नुसत्या गोडावर माणूस किती दिवस जगेल?

या ठिकाणी 'ख्रिस्तायन'ची आठवण येते. टिळकांनी हे महाकाव्य सुरू केलं, थोडा भाग लिहिला, आणि १९१९ साली ते गेले. उरलेला फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने. ते काव्य टिळकांच्या उंचीचं नाही असं म्हणण्याची पद्धत आहे, आणि निव्वळ शब्दकळेच्या बाबतीत ते मान्यही करता येईल. पण एकाने आमंत्रण द्यायचं आणि दुसरीने जेवण पुरं करायचं, ही त्या घराची रीतच होती. महाकाव्यही तसंच पुरं झालं.

टिळकांच्या बाजूने मात्र एक मोठी गोष्ट राहते. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे जागा होती. म्हणजे आपल्याच मंडळीतली पंक्ती आणखी लांब करण्याचा हा प्रयत्न. त्यांना त्यासाठी जेमतेम दोन वर्षं मिळाली. पण आयुष्याच्या शेवटी, पगार सोडून, हा माणूस त्या दिशेने गेला, हे त्यांच्या कुठल्याही कवितेइतकं आम्हाला मोलाचं वाटतं.

इथवर बोललेलं ऐकून वाटेल, की ख्रिस्ती झालं की पंक्तिभेद संपला. तसं झालेलं नाही, आणि ते लपवून हे व्याख्यान पुरं करणं बरोबर होणार नाही. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांत माणसं वेगवेगळ्या जातींतून आली. ब्राह्मण घरातून आलेले थोडे. त्यांची नावं पाठ्यपुस्तकांत आली. नगर आणि आसपासच्या खेड्यांतून आलेले महार आणि मांग समाजातले लोक हजारोंनी होते. मंडळ्या त्यांनी उभ्या केल्या. त्यांच्या घरातलं 'स्मृतिचित्रे' आपल्यापैकी किती जणांनी वाचलंय? आमचंच बघा ना. एक तासाचं व्याख्यान, आणि आम्हीही आतापर्यंत नावं घेतली ती कुणाची? रमाबाई, टिळक, लक्ष्मीबाई. तिन्ही ब्राह्मण घरातली. त्यांच्या धर्मांतरात 'त्याग' होता म्हणून ते कथेला शोभून दिसतं. ज्याच्याकडे सोडायला सोवळंच नव्हतं, त्याची श्रद्धा आपल्याला साहित्याचा विषय वाटत नाही. हा समीक्षेतला पंक्तिभेद आहे, आणि आम्ही त्याच पंक्तीत बसलेलो आहोत. लग्नाच्या वेळी जात विचारणारी ख्रिस्ती घरं आजही आहेत, हे तुम्हालाही माहीत आहे. पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पत्र म्हणून आम्हाला जुनं वाटत नाही.

अलीकडचं एक उदाहरण देऊन शेवटाकडे येतो. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ साली गेले. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी अनेक वर्षं केलं, आणि ते मासिक चर्चच्या भिंतीबाहेरही वाचलं जायचं. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एक पाद्री अध्यक्ष कसा, असा विरोधही झाला. याच माणसाने वसईची हिरवाई वाचवण्यासाठी 'हरित वसई'च्या चळवळीत लोकांबरोबर रस्त्यावर उभं राहायचं ठरवलं. काहींना वाटलं, पाद्रीचं काम प्रार्थना घेणं, हे कशाला? पण आमच्या मापाने बघा. वसईच्या वाडीतल्या माणसाची भाकर जमिनीतून आणि विहिरीतून येते. त्याच्यासाठी रोजची भाकर मागणारा पुजारी विहिरीविषयी गप्प कसा राहील? 'सुबोध बायबल' आणि 'हरित वसई' ही एकाच प्रार्थनेची दोन कामं होती असं आम्ही समजतो.

आता तुमच्याविषयी आणि आमच्याविषयी. ही व्याख्यानं तुम्ही बहुतेक जण एकटे ऐकता. कानात तार, समोर पडदा. कुणी लोकलमध्ये, कुणी स्वयंपाक करता करता. ऐकायला आलात याचा आम्हाला आनंदच आहे. पण इतकं सगळं सांगितल्यावर हेही सांगायला हवं, की ऐकण्याने पोषण होतं असा समज करून घेऊ नका. मराठी ख्रिस्ती लोक चर्चमधल्या समुदायाला 'मंडळी' म्हणतात. किती साधा शब्द! घरी जेवायला आलेले पाहुणे, तीही मंडळीच. एकट्या माणसाला 'मंडळी' म्हणता येत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात शेवटी एक गोष्ट आहे. येशूच्या मरणानंतर दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊस गावाकडे चाललेत. अंतर दहा-अकरा किलोमीटर. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना गाठतो आणि चालता चालता शास्त्रांचा अर्थ उलगडून सांगतो. आजवर झालेलं हे सगळ्यांत चांगलं व्याख्यान म्हणा ना, कारण सांगणारा स्वतः ख्रिस्तच आहे. तरी ते त्याला ओळखत नाहीत. मन पेटतं, पण ओळख पटत नाही. संध्याकाळ होते. ते त्या अनोळखी माणसाला म्हणतात, आता उशीर झालाय, आमच्याकडेच राहा. तो आत येतो, जेवायला बसतो, भाकर मोडून त्यांना देतो. तेव्हा ते त्याला ओळखतात.

व्याख्यान वाटेवरचं असतं. आमचं काम इथे संपलं. तुम्हाला आता कुणालातरी घरी जेवायला बोलवायचं आहे, आणि ते कुणाला, हे तुम्हीच ठरवायचं आहे. ज्याच्या घरचं पाणी आपण आजवर प्यायलो नाही, त्याच्यापासून सुरुवात केली तर उत्तम.